एका रेकॉर्ड क्लार्कने तपासलेला ग्लोबल टेररिझम डेटाबेस

१२ मार्च १९९३चा शुक्रवार, मुंबईतल्या साखळी स्फोटांचा दिवस, या यादीत नाही. मुंबईचा माणूस ग्लोबल टेररिझम डेटाबेस उघडेल तेव्हा आधी तीच तारीख शोधेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मीही तीच शोधली. १९९२ संपतं आणि थेट १९९४ सुरू होतं. आमच्याकडे रजिस्टरची पानं फाटली तर शिवणीत निदान धागे दिसायचे. इथे तेही दिसत नाहीत.

मी मुंबईतल्या पालिकेच्या एका रुग्णालयात एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होते. केस पेपर नंबराप्रमाणे लावायचे, एमएलसीचे, म्हणजे पोलीस केसचे, कागद वेगळे ठेवायचे, कोर्टाचं समन्स आलं की नेमका गठ्ठा काढून द्यायचा, मृत्यूची माहिती नोंदणीकडे पाठवायची. हा डेटाबेस मी आपण होऊन कधी उघडला नसता. माझी भाची एमए करते आणि तिचा प्रबंध शहरांवरच्या हल्ल्यांवर आहे: बंदुकीने माणसं जास्त मरतात की स्फोटकांनी, आणि त्यावरून सरकारने आपलं बळ कुठे लावावं. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन लालबागला आली आणि म्हणाली, "आत्या, तू आयुष्यभर हेच केलंस. बघ ना, ही यादी धरून चालण्यासारखी आहे का?" तीन रविवार आम्ही दोघी त्या यादीपुढे बसलो.

वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात 'स्टार्ट' नावाचं संशोधन केंद्र आहे, ते ही यादी ठेवतं. १९७०पासून जगभरात झालेले दोन लाखांवर हल्ले त्यात आहेत. हल्ल्याला एक ओळ आणि ओळीला शंभरावर रकाने: तारीख, गाव, कुणावर हल्ला, कोणत्या पद्धतीने, कोणतं हत्यार, कोणत्या गटाने, मृत किती, जखमी किती. हे सगळं उघड बातम्यांवरून भरलेलं आहे, पोलिसांच्या कागदांवरून नाही. अभ्यासासाठी फुकट मिळतं. फॉर्म भरायचा, अटी मान्य करायच्या, एक्सेल फाइल उतरवून घ्यायची. धंद्यासाठी हवं असेल तर वेगळा परवाना लागतो. भाचीचा लॅपटॉप ती फाइल उघडताना दोनदा अडकला. तिसऱ्या वेळी तिने भारताच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या, मग काम सुरळीत झालं. तुम्हीही तेच करा.

फाइलबरोबर कोडबुक येतं, म्हणजे कुठल्या रकान्यात काय आणि कोणत्या नियमाने लिहिलंय त्याचं पुस्तक. बरेच विद्यार्थी ते न वाचता थेट आलेख काढायला बसतात, असं भाचीनेच सांगितलं. कृपा करून तसं करू नका. या सगळ्यातली सर्वात चांगली गोष्ट ते कोडबुक आहे, आणि मी हे मनापासून सांगते आहे.

एक उदाहरण देते. मृतांचा आकडा कुठल्याच बातमीत नसेल तर तो रकाना कोरा ठेवतात. शून्य लिहायचं ते कुणीही मेलं नाही अशी खात्री असेल तेव्हाच. इतर कितीतरी रकान्यांत 'माहीत नाही' यासाठी उणे नऊ हा वेगळा आकडा ठरवलेला आहे. नवख्याला हे क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे नवीन क्लार्क आला की वय समजलं नाही तर आडवी रेघ मारायचा, आणि वर्षाच्या शेवटी बेरीज करणारा ती रेघ शून्य समजून पुढे जायचा. त्या एका रेघेपायी माणूस हिशेबात तान्हं बाळ व्हायचा. शून्य आणि 'माहीत नाही' यांत केवढं अंतर आहे, हे ज्यांना कळतं त्यांनी ही यादी बांधली आहे.

आणखी एक रकाना मला फार आवडला. नोंद करणाऱ्याला हा हल्ला खरोखर दहशतवाद म्हणावा का अशी शंका असेल तर ती शंकाच नोंदवायची सोय आहे: टोळीयुद्ध असू शकतं, सैन्याविरुद्धचं बंड असू शकतं, नुसता गुन्हा असू शकतो. १९९७पर्यंतच्या नोंदींना हा रकाना लागू नाही, कारण तेव्हा कुणी शंका लिहून ठेवलीच नव्हती, आणि तिथेही प्रामाणिकपणे उणे नऊच आहे.

आता १९९३.

पिंकर्टन ही अमेरिकेतली खासगी सुरक्षा कंपनी. कुठल्या देशात किती धोका आहे ते ग्राहकांना सांगणं हा तिचा व्यवसाय, आणि त्यासाठी १९७० ते १९९७ तिची माणसं जगभरच्या बातम्या वाचून हल्ल्यांची कार्डं भरत होती. पुढे ती कार्डं मेरिलँडच्या संशोधकांकडे आली. ती संगणकात चढवायचं काम २००५च्या अखेरीस संपलं. १९९३ची कार्डं त्यांत नव्हती. पिंकर्टनचं ऑफिस एका जागेतून दुसऱ्या जागेत हलवताना ती गहाळ झाली होती.

हे वाचलं आणि मी लॅपटॉपचं झाकण मिटलं. भाचीला वाटलं मला राग आला. राग नव्हता. ऑफिस हलवणं म्हणजे काय ते मी पाहिलं आहे. आमची रेकॉर्ड रूम एकदा तळमजल्याच्या मागच्या खोलीत नेली, रंगकामापुरती म्हणून, आणि ती तिथेच राहिली. हमाल गठ्ठे हातगाडीवर घालून न्यायचे, सुतळी तुटायची, खाली पडलेले कागद जो उचलेल तो हाताला येईल त्या गठ्ठ्यात कोंबायचा. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या त्या खोलीत गुडघाभर पाणी होतं, आणि खालच्या दोन फळ्यांवरच्या केस पेपरचा लगदा झाला. कागद कुणी दुष्टाव्याने नष्ट करत नाही. जागा अपुरी असते, माणसं कमी असतात, आणि वरिष्ठांना वाटतं की हे जुनं आता कुणाला लागणार. पुढे कोर्टातून माणूस येतो किंवा कुणाची बायको येते, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागतं.

मेरिलँडच्या लोकांनी १९९३ परत उभं करायचा प्रयत्न केला. जुन्या बातम्यांतून अंदाजे पंधरा टक्केच हल्ले हाती लागले, असं ते स्वतः कोडबुकात लिहितात. म्हणून त्यांनी ते मुख्य यादीत मिसळले नाहीत, वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवले. देशवार बेरजा तेवढ्या एका परिशिष्टात दिल्या आहेत. भाची त्या छोट्या फाइलीवरून काम भागवायला निघाली होती. मी नको म्हटलं. शंभरातली पंधरा पानं उरलेल्या रजिस्टरवरून वर्षाचा हिशेब कुणी करत नाही. त्यांनी स्वतः तो केला नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण आदर वाटला तरी भोक भोकच राहतं. ऑस्ट्रेलियातली इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस ही संस्था २०१२पासून ग्लोबल टेररिझम इंडेक्स काढते, देशांना क्रमांक देते, आणि कितीतरी वर्षं तो याच यादीवर उभा होता. वर्तमानपत्रांतले आलेख, विद्यार्थ्यांचे प्रबंध, सगळे इथूनच पाणी भरतात. त्या आलेखांत १९९३वर रेघ तुटलेली दिसते, नाहीतर काढणाऱ्याने बाजूचे दोन बिंदू जोडून टाकलेले असतात. ज्या वर्षी मुंबईत एका दुपारी बारा ठिकाणी स्फोट झाले, ते वर्ष.

ती दुपार मला जशी आठवते तशी सांगते, कारण बातमीवरून आकडा कसा बनतो ते त्याशिवाय कळणार नाही. दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. मग काथा बाजार, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप, एअर इंडियाची इमारत, वरळीचं सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा. आमच्याकडे कॅज्युअल्टीचं रजिस्टर संपलं तेव्हा मी रेकॉर्ड रूममधून नवं नेऊन दिलं, आणि मला परत पाठवू नका म्हणून तिथेच नावं लिहायला बसले. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०.' खाली परत तेच. त्याखाली परत तेच, फक्त वय अंदाजे ४५. एका माणसाला आधी दुसऱ्या रुग्णालयात नेलं होतं, तिथे खाट नाही म्हणून आमच्याकडे आणलं. त्याचं नाव दोन्हीकडे लिहिलं गेलं आणि त्या रात्रीच्या यादीत तो दोनदा मोजला गेला. एक जण भाजलेला होता, तो नवव्या दिवशी गेला. त्या रात्रीच्या यादीत तो जखमी होता.

त्या संध्याकाळी टीव्हीवर तेरा स्फोट सांगितले गेले. ते बारा होते. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की मस्जिद बंदर हे तेरावं नाव आपण मुद्दाम जोडलं, स्फोट फक्त हिंदू वस्त्यांत झाले असं लोकांना वाटून पुन्हा दंगल भडकू नये म्हणून. त्या निर्णयाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. जानेवारीच्या दंगलीत काय झालं ते आम्ही पाहिलं होतं. मी फक्त इतकं सांगते की दुसऱ्या दिवशीची बातमी वाचून कुणी कार्ड भरलं असेल तर त्याने तेरा लिहिलं असेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. खटल्यात शेवटी धरला गेलेला आकडा २५७ मृत आणि ७१३ जखमी. तो यायला पंचनामे, पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट, वारसांचे जबाब आणि वर्षं लागली. बातमीवरून बांधलेल्या कुठल्याही यादीची ही मर्यादा आहे. ती ओळखून वापरली तर यादी उपयोगाची, न ओळखता वापरली तर फसवणारी.

दुसऱ्या रविवारी आम्ही ११ जुलै २००६ काढलं. पश्चिम रेल्वेच्या सात लोकल, अकरा मिनिटांत सात स्फोट. या यादीचा नियम असा की जागा किंवा वेळ वेगळी असेल तर ओळ वेगळी, आणि त्या ओळी एकमेकींशी जोडलेल्या आहेत अशी खूण. हे ठीक आहे. माहीमचा डबा आणि बोरिवलीचा डबा एक नाही. पण सगळ्या स्फोटांचा मिळून एकच आकडा बातमीत असेल तर तो त्या ओळींत सारखा वाटून टाकतात. भाग बरोबर जात नसेल तर अपूर्णांक येतो. कोडबुकात हे स्पष्ट लिहिलंय: बेरीज बरोबर राहावी म्हणून.

मला हे पटलं नाही, आणि भाचीशी यावर माझा वाद झाला. ती म्हणाली, "आत्या, सात ओळी एकत्र केल्या की बेरीज बरोबर येते, मग बिघडलं काय?" बिघडलं असं की कुणीतरी एक ओळ सुटी वाचणार. खारच्या गाडीत किती गेले हे पाहायला आलेल्या माणसाला तिथे एक सरासरी दिसणार, आणि ती मोजलेल्या आकड्याच्याच रकान्यात, मोजलेल्या आकड्याच्याच वेशात बसलेली असणार. ज्या लोकांनी शून्य आणि कोरं यांत इतका चोख फरक केला त्यांनी इथे कोरं सोडायला हवं होतं आणि बेरीज वेगळ्या रकान्यात ठेवायला हवी होती. माझ्या मते या यादीतला हा सर्वात मोठा दोष आहे. १९९३ हरवणं हा अपघात होता. हे ठरवून केलेलं आहे.

हत्यारांचे रकाने भाचीच्या कामाचे होते. एका हल्ल्यात चार प्रकारची हत्यारं नोंदवता येतात, आणि बंदुकीतही पिस्तूल, स्वयंचलित रायफल, साधी रायफल किंवा शॉटगन असे पोटप्रकार आहेत. २६ नोव्हेंबर २००८ला दहा जणांनी १६६ माणसं मारली ती मुख्यतः रायफलींनी, त्याआधी २००६मध्ये रेल्वेत बाँब. हा फरक यादीत नीट दिसतो. दिसत नाही ते हे की हत्यार आलं कुठून. परवान्याचं होतं की चोरटं, याला रकाना नाही. सरकारी धोरणावर लिहायचं तर तोच प्रश्न आधी येतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९चा आहे, २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. पण १९९३ची स्फोटकं आणि रायफली रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरल्या, आणि २००८ची माणसं बोटीतून कुलाब्याला. परवान्याच्या खिडकीपाशी यांतलं काहीच येत नाही. भाचीने हा मुद्दा प्रबंधात घातला आहे, पण त्याचा आधार तिला या यादीबाहेर शोधावा लागला.

आणि आता जे या यादीत कधीच येणार नाही ते. दहशतवाद कशाला म्हणायचं याची त्यांची व्याख्या काटेकोर आहे: कृत्य हेतुपुरस्सर हवं, त्यात हिंसा किंवा हिंसेची धमकी हवी, आणि करणारा राज्यसंस्थेबाहेरचा हवा. गर्दीची दंगल यात धरत नाहीत, पोलिसांची गोळी तर नाहीच. व्याख्येबद्दल माझी तक्रार नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण मुंबईत १९९२-९३ समजून घ्यायचं असेल तर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल शेजारी उघडा ठेवा. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत ९०० मृत्यू: पोलीस गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. बेरीज करून पाहा, बरोबर येते. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ज्यांचा धर्म कळला नाही असे आणि ५ इतर. तीही बेरीज येते.

भाचीने तो तक्ता पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ तिचं बोट २२वर होतं. बंदुकांवर प्रबंध लिहिणारी मुलगी, आणि आपल्या शहराच्या सर्वात वाईट दोन महिन्यांत खासगी बंदुकीने गेलेले बावीस. सुऱ्याने त्याच्या पंधरापटींहून जास्त. पोलिसांच्या बंदुकीने त्याहूनही जास्त. जानेवारीच्या त्या रात्री भोसकलेली माणसं आमच्याकडे येत होती तेव्हा कॅज्युअल्टीच्या पायऱ्या दिवसातून कितीदा धुतल्या जायच्या ते मी तिला सांगितलं. ते तिने लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

काळाचे आलेख काढणाऱ्यांसाठी एक सूचना. ही यादी एका हाताने भरलेली नाही. १९९७पर्यंत पिंकर्टन, मग मार्च २००८पर्यंत दुसरी संस्था, पुढे ऑक्टोबर २०११पर्यंत तिसरी, आणि त्यानंतर स्टार्ट स्वतः, यंत्राने बातम्या चाळून. प्रत्येकाची चाळणी वेगळी. म्हणजे मुंबईचं २००६ एका चाळणीतून आलंय आणि २००८ दुसऱ्या. हल्ले वाढले की मोजणं वाढलं हे आलेख सांगत नाही. कुठल्या संस्थेने ओळ भरली त्याचा रकाना मात्र ठेवलाय, तो दर वेळी पाहा.

घ्यावं का? अभ्यास करणाऱ्याने जरूर घ्यावं. इतकी मोठी, इतकी उघड आणि स्वतःच्या चुका लिहून ठेवणारी यादी फुकट मिळते आहे. सगळं इंग्रजीत आहे, कोडबुकही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला त्याचा पहिला वाचनाचा दिवस जड जाईल, तर शेजारी कुणाला तरी घेऊन बसा. पाचांत चार तारे देते. एक कापला तो त्या अपूर्णांकांसाठी, हरवलेल्या वर्षासाठी नाही.

तिसऱ्या रविवारी भाचीने आपल्या प्रबंधासाठी १९९३चं वेगळं पान केलं. बारा ठिकाणं, बारा ओळी. मृतांच्या रकान्यात तिने सवयीने २५७ला बाराने भागलं आणि २१.४ असं पडद्यावर आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी काही म्हणायच्या आत ते पुसलं. ठिकाणवार आकड्यांसाठी आता ती निकालपत्र वाचते आहे. तोपर्यंत बाराही ओळींत तो रकाना कोरा आहे, आणि पानाच्या तळाशी एकदाच लिहिलंय, २५७.